वागळे इस्टेटमधला सनईवाल्या मिस्त्रींचा गाळा: काम चोख, तारखेची हमी नाही

आधी निकाल सांगून टाकतो, पाल्हाळ नंतर. सनई, सुंदरी (लहान सनई), क्लॅरिनेट, ओबो (सनईचा युरोपातला भाऊबंद) यांपैकी काहीही घरात बिघडून पडलं असेल, किंवा नवी सनई करून घ्यायची असेल, तर ठाण्यात या गाळ्याइतकं चोख काम मला दुसरीकडे मिळालेलं नाही. मात्र तुळशीचं लग्न तोंडावर आलंय आणि मुहूर्ताला सनई हातात हवी आहे, असं असेल तर तिकडे फिरकू नका. डोक्याला ताप होईल.

मी कळव्याला राहतो. दिवसा पतपेढीत खाती सांभाळतो आणि लग्नसराईत चौघड्याबरोबर सनई वाजवतो. तेव्हा हे मत गिऱ्हाइकाचं आहे, पंडिताचं नाही. ओबोचा विषय माझ्या आयुष्यात आला तो भाचीमुळे. ताई नेरूळला राहते. तिच्या मुलीच्या हातात शाळेच्या वाद्यवृंदात कुणीतरी ओबो दिला आणि पोरगी त्यातच अडकली. आता दर आठवड्याला मुंबईला शिकायला जाते. नवा ओबो घ्यायची आमची कुणाची ऐपत नाही, म्हणून सेकंडहँड घेतला, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याने मान टाकली. असे आम्ही मामा-भाची एकाच गाळ्याचे गिऱ्हाईक झालो.

गाळ्यावर पाटी आहे, पण ती दुसऱ्याच कुठल्या इंजिनिअरिंग वर्क्सची. मिस्त्रींनी जागा घेतली तेव्हापासून ती तशीच आहे, बदलायची गरज त्यांना वाटलेली नाही. एका बाजूला पावडर कोटिंगवाला, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके बनवणारा. नाव-नंबर टाकू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "नका हो. आहे तेच आवरत नाही." म्हणून टाकत नाही. २२ नंबर सर्कलला उतरून एखाद्या बँडवाल्याकडे चौकशी केलीत तर पोचाल. रिक्षावाल्याला विचारून उपयोग नाही, तो तुम्हाला भलत्याच कंपनीच्या गेटवर सोडेल.

मिस्त्री मूळचे टूलरूमचे. इस्टेटमधल्याच एका कारखान्यात डाय आणि गेज बनवण्यात उमेदीची वर्षं गेली. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा हिशेबाच्या पैशांत एक जुना लेथ उचलला. मग एक बँडवाला क्लॅरिनेटची तुटलेली चावी जोडून घ्यायला आला, त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. आजही घर चालतं ते बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटवर. सनई हा त्यांचा नाद. आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला वाजवता येत नाही. सा लावून दाखवतात, तोही थरथरत. पुढचं वाजवायचं गिऱ्हाइकाने, आणि त्यांनी मोबाइलवरच्या ट्यूनरकडे बघत बसायचं. वाहवा नाही, मान डोलावणं नाही. पहिल्यांदा मला ते जरा अपमानास्पदच वाटलं होतं. आपण मारवा छेडावा आणि समोरच्याने "धैवत आठ सेंट चढा आहे" म्हणावं!

बाजारातली सनई आणि यांची सनई शेजारी ठेवली तर बाजारातली जास्त देखणी दिसते. पॉलिश जोरात, पितळ लखलखीत. फरक सगळा आत आहे. तो दाखवायला मिस्त्रींनी एक बाजारची सनई उभी चिरून भिंतीला टांगून ठेवली आहे. तिच्या आत बोट फिरवा. तीन ठिकाणी बोट अडखळतं. तीन जाडीची ड्रिलं एकापुढे एक घातली, पायऱ्या पडल्या, आणि त्या पायऱ्या कुणीतरी कानशीने घाईघाईत मोडल्या. एके ठिकाणी तर कानस इतकी खोल गेली आहे की नळीला आतून पोट सुटलंय.

याने काय होतं, हे वाजवणाऱ्याला अंगाने माहीत असतं, कारण मात्र मला मिस्त्रींकडे कळलं. सनईची नळी वरून खाली रुंद होत जाते. ओबोचीही तशीच. क्लॅरिनेटची मात्र बऱ्याच लांबीपर्यंत सरळ. निमुळत्या नळीत फुंक वाढवली की सूर एक सप्तक वर उडी मारतो. सरळ नळीत तो सप्तक ओलांडून त्याच्यापुढच्या पंचमावर जाऊन बसतो. म्हणूनच क्लॅरिनेटवाल्याची बोटं आणि आपली बोटं वरच्या पट्टीत जुळत नाहीत. आता ही निमुळती नळी जर मध्येच फुगली किंवा तिच्यात पायरी राहिली, तर ती सप्तकाची उडी नेमकी पडत नाही. मधला सा लागतो, तार सा उतरलेला येतो. मग आपण ओठ दाबून तो वर ओढायचा. हॉलमधल्या पाहुण्यांना पत्ता लागत नाही, पण सीमांतपूजनापासून मंगलाष्टकांपर्यंत असं ओढत राहिलं की रात्री जेवताना घास चावता येत नाही. बरीच वर्षं मी समजत होतो की हे वयाचं दुखणं आहे.

मिस्त्रींचा सगळा जीव या नळीत. तिच्यासाठी लागणारे रीमर, म्हणजे नळी आतून कापायची हत्यारं, ते स्वतः घडवतात. पोलादाची सळई लेथवर हव्या त्या टेपरला उतरवायची, मग अर्धी बाजू घासून काढून टाकायची, म्हणजे तिचा छेद अर्ध्या चंद्रासारखा राहतो आणि दोन्ही कडा कापणाऱ्या होतात. मग तापवून पाणी द्यायचं आणि कडा दगडावर उतरवायच्या. युरोपात ओबो बनवणाऱ्यांचे जुने रीमर याच घाटाचे असत. फोटो भाचीने फोनवर दाखवले तेव्हा मिस्त्रींनी चष्मा वर करून पाहिले आणि एवढंच बोलले, "दुसरा उपायच नाही ना."

माझ्या सनईचं लाकूड शिसवीचं. मागच्या भिंतीला चौकोनी दांडे रचून ठेवलेत, दोन्ही टोकांना मेण थापलेलं, कडेला पेन्सिलने महिना आणि साल. टोकांना मेण एवढ्यासाठी की ओल टोकातूनच झपाट्याने जाते आणि मग लाकूड तिथेच उकलतं. माझ्या वाट्याला आलेल्या दांड्यावर २०१७ लिहिलं होतं. त्याला आधी आरपार बारीक भोक पाडून ठेवतात आणि पुन्हा काही महिने हात लावत नाहीत. पोकळ झालं की लाकडातला ताण सुटतो, ते थोडं वाकतं, वाकायचं तेवढं वाकून होऊ द्यायचं. नळी कापायची त्यानंतर.

ती कापताना मी समोर बसलो होतो. लेथ अगदी संथ. दांडा फिरतोय, रीमर मागच्या बाजूने आत सरकतोय, तोही हाताने चाक फिरवत, केसाकेसाने. थोडा आत गेला की बाहेर काढायचा. रीमरच्या खाचेत भुसा नसतो, जांभळट तपकिरी रंगाच्या पातळ सुरळ्या असतात. त्या ब्रशने झटकायच्या, दांड्याला तळहात लावून बघायचं. कोमट लागला की लेथ बंद, चहा. मला वाटलं चहाचा बहाणा आहे. पण गरम लाकडात कापलेली नळी थंड झाल्यावर माप सोडते, असं त्यांचं म्हणणं, आणि चहा झाल्यावर त्यांनी ते मापून दाखवलं. मापायला व्हर्नियर आत जात नाही. त्यासाठी सळयांच्या टोकाला पितळेची गोल बटणं बसवलीत, प्रत्येक बटण वेगळ्या जाडीचं, आणि सळईवर खूण. बटण नळीत सोडायचं. ते जिथे अडकेल तिथे खूण तोंडाशी यायला हवी. चौथ्या बटणाची खूण तोंडाच्या जरा आत गेली. मला तर फरक दिसलाही नाही. मिस्त्रींनी चक् असा आवाज काढला, सनईकडे पाठ फिरवली आणि शेजारच्या बँडवाल्याच्या क्लॅरिनेटला लागले. ती नळी त्यांनी मला दिली नाही. तिची पुढे सूर धरायची सनई झाली. साथीदार नुसता षड्ज लावून उभा असतो, त्याला चालते. माझ्यासाठी दुसरा दांडा काढला. तारीख पुढे गेली ती इथूनच, पण त्याबद्दल खाली.

भोकं पाडताना त्यांनी माझा पंजा कागदावर उमटवून घेतला. पट्टी विचारली, काळी एक सांगितली. भोकं आधी लहान पाडतात, मग मी वाजवायचं, आणि एकेक भोक आतून, खालच्या कडेने, वाकड्या टोकाच्या चाकूने किंचित मोकळं करायचं. बाहेरून भोक तेवढंच दिसतं, सूर मात्र उजळतो. आपल्याकडे भोक मोठं पडलं की मेण लावून बुजवायची पद्धत आहे, माझ्या वडिलांच्या सनईला तर कायम मेण असायचं. त्यावर मिस्त्री म्हणाले, "मेण लावावं लागलं तर सनई माझ्याकडे परत आणा."

आणावी लागलेली नाही. तार सा मधल्या सा वर बरोबर बसतो. ओठ मोकळा ठेवून मींड घेता येते, गांधारावर थांबता येतं. खर्जाकडे जाताना आवाज घोगरा होत नाही. माझा चौघडेवाला, जो कौतुकाच्या बाबतीत अतिशय कंजूष आहे, तो एवढंच म्हणाला की आज कानाला त्रास झाला नाही. पंचमाच्या खाली एक जागा अजून थोडी अवघड आहे, अर्धं भोक झाकून तीव्र मध्यम घेताना सूर पातळ होतो. मिस्त्रींच्या मते ते माझ्या बोटाचं आहे. मला तसं वाटत नाही. हा वाद चालू आहे.

प्याल्याबद्दल मात्र तक्रार आहे आणि ती मी त्यांच्या तोंडावर केली आहे. खालचा पितळी प्याला ते बाहेरून आणतात. नळीवर बसवायला दोऱ्याचे वेढे देतात ते सैल पडतात, आणि जोरात वाजवलं की प्याला झिणझिणतो. एवढी नळी मापून कापणाऱ्या माणसाने प्याला असा कसा बसवावा? पॉलिशही यथातथाच. "आवाज नळीत आहे, प्याल्यात नाही," हे त्यांचं उत्तर मला पटत नाही. लग्नातल्या फोटोंत प्यालाच पुढे येतो.

आता ओबो.

भाचीच्या ओबोला दोन तक्रारी होत्या. वरचा तुकडा मधल्या तुकड्यात घातला की निघेना. आणि खालचे सूर कधी लागत, कधी नुसती हवा जाई. जोडाच्या तक्रारीसाठी ताईने आधी मुंबईतल्या एका दुकानात दाखवला होता. त्यांनी भर पावसाळ्यात जोड पॉलिश पेपरने घासून दिला. त्या दिवशी मस्त बसला. फेब्रुवारीत लाकूड सुकलं तसा तो हलायला लागला, आणि पोरीने जोडावर कागदाची पट्टी गुंडाळून परीक्षा दिली. मिस्त्रींनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "फुगतं तेच आकसतं. पावसात घासलं की मार्चमध्ये रडायचं." त्यांनी जोडावरचं जुनं बूच खरवडून काढलं, नवं बूच जरा जाड घेतलं, आणि लाकडावर फक्त जिथे घासून चकाकी आली होती तेवढेच ठिपके उतरवले. वर एक सांगितलं ते प्रत्येक ओबो-क्लॅरिनेटवाल्याच्या आईने फ्रिजवर लिहून लावावं: एसी वर्गातून बाहेर दमट हवेत आलं की पेटी लगेच उघडायची नाही, वाजवून झाल्यावर तुकडे वेगळे करून आतून पुसायचे, आणि जोडलेलं वाद्य रात्रभर ठेवायचं नाही.

दुसरी तक्रार त्यांनी ज्या पद्धतीने शोधली ती पाहण्यासारखी होती. वरच्या तुकड्याचं खालचं तोंड बुचाने बंद केलं, भाचीला सगळ्या चाव्या दाबायला लावल्या आणि वरून हवा ओढली. ओढ टिकायला हवी, इथे लगेच सुटली. म्हणजे गळती. मग सिगारेटच्या पातळ कागदाची निमुळती पट्टी कापली, एकेका चावीच्या पॅडखाली घालून चावी मिटली आणि पट्टी हळूच ओढून पाहिली. प्रत्येक पॅडखाली पट्टी धरली जात होती. पॅड ठीक. मग भिंग काढलं आणि थेट वरच्या ट्रिलच्या (दोन सूर झपाट्याने आलटूनपालटून वाजवायच्या) भोकांपाशी गेले. तिथून एक रेघ वर चढली होती, केसाहून बारीक. ओबोचा वरचा तुकडा तडकतो तो बहुतेक वेळा याच जागी. तिथे भोकं दाटीवाटीने आहेत, भिंत पातळ आहे, आणि तोंडातली गरम ओलसर हवा पहिल्यांदा तिथेच आदळते. थंड कोरड्या देशांत हा प्रकार नेहमीचा, आमच्याकडे एसीच्या कृपेने.

तडा बुजवायला नुसता गोंद पुरत नाही. त्यांनी वरच्या तुकड्याच्या चाव्या उतरवल्या, प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर चित्र काढून त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवला. रेघेला आडवी दोन बारीक भोकं पाडली, त्यांत आटे पाडून पोलादी तार गोंदासकट पिळून बसवली, टोकं लाकडाच्या खाली कापली. वरून काळ्या लाकडाचा भुगा आणि गोंद भरून घासलं. आता भिंग घेऊन बघितलं तरी मला जागा सांगता येत नाही. हा काळा भुगा येतो भंगारात गेलेल्या क्लॅरिनेटच्या तुकड्यांतून. तेच लाकूड ओबोचं. आफ्रिकेत, टांझानिया-मोझांबिककडे वाढणारं. आपली शिसवी आणि ते, दोघंही डालबर्जिया, म्हणजे एकाच घराण्यातले. एक तुकडा मिस्त्रींनी बादलीत टाकून दाखवला, सरळ तळाशी गेला. भाची नादाने पुन्हा पुन्हा काढून टाकत राहिली. अख्ख्या डालबर्जियावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कच्चं लाकूड मात्र लहान कारागिराला अजूनही सहज मिळत नाही. म्हणून भंगारवाल्याशी मैत्री.

एक स्प्रिंगही तुटली होती. ओबोच्या चाव्यांच्या स्प्रिंगा म्हणजे निळसर पोलादाच्या सुया. मिस्त्रींनी ताईच्या पर्समधली शिवणाची सुई मागून घेतली, मेणबत्तीवर निळी होईपर्यंत धरली, टोक ठोकून चपटं केलं आणि खांबात बसवली. ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शिक्षकांना नंतर सांगितलं तर ते म्हणाले, जुने कारागीर असंच करत.

ओबोची आतली नळी मात्र त्यांनी मोजलीदेखील नाही. मी आग्रह केला, की इतके रीमर आहेत, जरा बघा ना, खालचा एक सूर चढा येतो म्हणते पोरगी. "ज्याने केलाय त्याने विचार करून केलाय. मी स्क्रू फिरवीन, बूच बदलीन, आत हात घालणार नाही." ओबोची नळी वरच्या टोकाला जेमतेम पेन्सिलच्या शिशाच्या दुप्पट-तिप्पट, तिथे कागदाएवढा फरक पडला तरी वाद्य कायमचं बिघडतं. हाताशी हत्यार असूनही नको म्हणणारा कारागीर मी या धंद्यात क्वचित पाहिला आहे, आणि खरं सांगायचं तर हा गाळा मी लोकांना सांगत सुटतो तो या एका नकारामुळे.

ओबोबद्दल भाचीकडून ऐकलेलं इथे थोडं घुसडतो, कारण सनईवाल्याला ते भिडणारं आहे. युरोपातही आधी आपल्यासारखंच, उघड्यावर वाजवायचं, मिरवणुकीतलं कर्कश वाद्य होतं. सतराव्या शतकाच्या मध्यात, फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातल्या वादक-कारागिरांनी, त्यात ऑतेतेर घराणं पुढे, त्याची नळी बारीक केली, वाद्य तीन तुकड्यांत बनवलं आणि दिवाणखान्यात आणून बसवलं. पुढची अडीचशे वर्षं त्यावर चाव्या चढत गेल्या. पॅरिसच्या लोरे कारखान्याची सुरुवात १८८१ ची. तिथे वादक जॉर्ज जिले यांच्या सांगण्यावरून १९०६ च्या सुमारास जी रचना पक्की झाली तीच थोड्याफार फरकाने भाचीच्या ओबोवर आहे. आपल्याकडे नेमकं उलटं झालं. सनईत कुणी फारसा बदल केला नाही. तीच सनई घेऊन बिस्मिल्ला खाँ मैफलीत जाऊन बसले, सोलापूरच्या जाधवांनी सुंदरी नेऊन बसवली, आणि सगळा भार वाजवणाऱ्याच्या ओठावर राहिला. कारागिराला कुणी विचारलंच नाही. दक्षिणेत बरं आहे. तंजावरकडच्या नरसिंगमपेट्टईच्या नादस्वराला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर जुन्या घरांच्या मोडीतून निघालेलं अंजनाचं लाकूड वापरतात, हे मी मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांना मानांकनाचं काही वाटलं नाही, मोडीच्या लाकडाचा भाव काय, एवढंच विचारलं.

जिव्हाळी, म्हणजे तोंडात धरून फुंकायची पाती किंवा रीड, मिस्त्री करत नाहीत. सनईचीही नाही, ओबोचीही नाही. ओबोच्या रीडचं काम वेगळंच आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला, व्हार भागात वाढणारा बोरूच्या जातीचा पोकळ नळ, तो चिरून आतून अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड ठेवायचा, दुमडायचा, ४७ मिलिमीटरच्या धातूच्या नळीवर दोऱ्याने बांधायचा आणि मग चाकूने खरवडत बसायचं. बरं, इतकं करून रीड काही आठवडेच चालते. विकतची घेतली तर हजार-दोन हजाराला एक, म्हणून पोरगी स्वतः शिकते आहे. मिस्त्रींनी तिला रीड धरायचा दांडा लेथवर काढून दिला आणि तिच्या चाकूला धार लावून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत. धार लावताना मात्र पाऊण तास तिला समोर उभं करून शिकवलं, "पुढच्या वेळी माझ्याकडे बोथट आणलीस तर पैसे घेईन बाळा."

पैशांचं सांगतो. शिसवीची सनई मला नऊ हजारांना पडली, प्याल्यासकट. बाजारात दोन-अडीच हजारांत मिळते, ती भिंतीला चिरून टांगलेली आठवा आणि मग ठरवा. ओबोचं सगळं मिळून साडेसहा हजार. आगाऊ निम्मे. पावती मिळत नाही, मागितली तर वहीचं पान फाडून देतात. पैसे मुलाच्या नंबरवर यूपीआय करायचे.

आणि आता तारीख. मला दसरा सांगितला होता. दसरा गेला, दिवाळी गेली. फोन उचलत नाहीत. लेथ चालू असताना ऐकू येत नाही हे खरं, पण लेथ बंद असतानाही उचलत नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर पहिली सुपारी डोंबिवलीची होती, ती मी जुन्याच सनईवर ओठ ओढत वाजवली आणि दुसऱ्या दिवशी गाळ्यात जाऊन भांडलो. मिस्त्रींनी शांतपणे ती नाकारलेली नळी काढून दाखवली. "ही दिली असती तर वेळेत मिळाली असती. देऊ?" यावर काय बोलणार? पण तरीही, दुसरा दांडा घेतला तेव्हाच एक फोन केला असता तर मी उसनी सनई बघितली असती. गिऱ्हाइकाला कळवणं हा कामाचाच भाग आहे, हे या पिढीच्या कारागिरांना कोण सांगणार. भाचीच्या ओबोला मात्र परीक्षेची तारीख सांगितली होती, तो चार दिवस आधी मिळाला. तेव्हा तारीख पाळता येत नाही असं नाही. पोरांसाठी पाळतात, आमच्यासाठी नाही.

गाळा शुक्रवारी बंद. गणपतीच्या आधीचा महिना बँडवाल्यांचा असतो, तेव्हा जाऊच नका, बसायला जागा मिळणार नाही. होळीनंतर गेलात तर मिस्त्री निवांत असतात, लाकूडही कोरडं असतं, आणि दांडा तुम्हाला निवडू देतात. जाताना आपली जिव्हाळी घेऊन जा. चाचणीला ते उसनी देत नाहीत, आणि तिथे पडलेली एकमेव जिव्हाळी कुणाकुणाच्या तोंडात गेली आहे ते त्यांनाही आठवत नाही.